रेवदंड्याची पुळण आणि पहिली सुपरकार

डिसेंबर २०२४ संपत आला होता. नववर्षाच्या सुट्टीची गर्दी अलिबाग-मुरूडच्या रस्त्याला लागली होती आणि त्याच दिवसांत रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी कॅलिफोर्निया वाळूत रुतली. पर्यटक ती खाली पुळणीवर घेऊन आले होते. जमलेल्या लोकांनी ढकलून पाहिलं, गाडी हलेना. मग किनाऱ्यावरच्या एका बैलगाडीला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक फेरारीला लावलं आणि बैलांनी ती बाहेर ओढून काढली. त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि बहुतेकांनी ती हसत पुढे पाठवली.

मला ती पाहताना हसू आलं नाही. कोट्यवधींची गाडी घेणाऱ्याला शोरूममध्ये दोन तास बसवून पडद्यावरचं प्रत्येक बटण समजावून सांगतात. चावी हातात देताना फुलं देतात, फोटो काढतात. पण मांडव्याला उतरल्यावर पुढे काय, वडखळ नाक्यावरून वळल्यावर काय, ओहोटीला सपाट आणि घट्ट दिसणारी वाळू चाकाखाली कशी वागते, हे त्याला कोणी सांगत नाही. ज्यांना हे माहीत आहे ते रेवदंड्यात, नागावात, काशिदला राहतात, आणि त्यांना कोणी विचारत नाही. सुपरकारचा पहिलटकर मालक जे काही शिकायला हवं ते वेगाबद्दलच, असं धरून चालतो. रायगडच्या किनाऱ्यावर पहिलं वर्षभर शिकायचं असतं ते जमिनीबद्दल.

असे मालक आता अपवाद राहिलेले नाहीत. लॅम्बोर्गिनीने भारतात २०२२ मध्ये ९२, २०२३ मध्ये १०३ आणि २०२४ मध्ये ११३ गाड्या विकल्या. एकूण वाहनविक्रीच्या मानाने आकडा छोटा आहे, पण या गाड्या ज्या थोड्या शहरांत जातात त्यांत मुंबई ठळक आहे, आणि मुंबईच्या श्रीमंतांचं शनिवार-रविवारचं घर अलिबाग तालुक्यात आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते चिर्ले हा अटल सेतू उघडला, आणि इतकी वर्षं वरळी-वांद्र्याच्या पलीकडे न गेलेल्या गाड्या आवास, सासवणे, किहीमच्या वाड्यांमध्ये दिसू लागल्या. रस्ते मात्र बहुतेक तेच राहिले.

आधी वाळूचंच बोलू, कारण सगळ्यात महागडी चूक तिथे होते.

रेवदंड्याची वाळू काळसर आणि बारीक आहे. ओहोटीला पाणी मागे सरलं की ओली पुळण डांबरी रस्त्यासारखी दिसते. पायाखाली ती घट्ट लागते, सायकल तिच्यावर सहज जाते, घोडागाडीही जाते. गाडी घेऊन खाली उतरणाऱ्याला हाच दाखला पुरेसा वाटतो. पण त्या घट्टपणाखाली वाळूच्या कणांमध्ये पाणी अडकलेलं असतं. चालत्या चाकाचा भार एका जागी क्षणभरच पडतो, म्हणून वाळू तो सोसते. गाडी फोटोसाठी थांबली, इंजिन चालू राहिलं, की त्या थरथरीने कण सैल होतात, पाणी वर येतं आणि चाक बसू लागतं. मग मालक घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो. फेरारी कॅलिफोर्नियाची ताकद मागच्या दोन चाकांना जाते. ती चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करतात, आणि अर्ध्या मिनिटात गाडीचा सपाट तळ वाळूवर टेकतो. तळ टेकला की चाकांवरचं वजनच जातं. पाचशे अश्वशक्ती असली काय आणि पन्नास असली काय, चाक नुसतं फिरत राहतं.

वाळूत गाडी चालवणारे जाणकार टायरची हवा निम्म्याहून कमी करतात, म्हणजे टायर पसरतो आणि भार वाटला जातो. सुपरकारला हा उपाय लागू नाही. तिच्या टायरची बाजूची भिंत फार बुटकी असते. हवा कमी केली की ती दुमडते, रिम घासतो, कधी टायर रिमवरून सुटतो. चारचाकी ड्राइव्ह असलेल्या गाडीचंही फार वेगळं होत नाही, कारण अडचण चाकांच्या संख्येची नसून पोटाच्या उंचीची आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या आगेमागे सहा तासांनी. आता हा हिशेब पर्यटकाच्या दिनक्रमावर ठेवून पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, ओहोटी पडते संध्याकाळी साडेपाच-सहाला. उधाणाची ओहोटी सगळ्यात खोल जाते, म्हणून किनारा त्या वेळी सगळ्यात रुंद असतो, आणि सूर्यही तेव्हाच मावळत असतो. फोटोला याहून चांगली वेळ नाही, आणि गाडी खाली उतरवायला याहून वाईट वेळ नाही, कारण तिथून पुढे काळोख पडत जातो आणि पाणी चढत जातं. उधाणाला या पट्ट्यात भरती-ओहोटीतलं अंतर चार मीटरच्या वर जातं. उतार अगदी कमी असलेल्या किनाऱ्यावर एवढं पाणी किती आत येतं हे ज्याने पाहिलं आहे, तो अंधारात रुतलेल्या गाडीपाशी निवांत उभा राहणार नाही. २०२४ च्या ३० डिसेंबरला सोमवती अमावास्या होती. नववर्षाची सुट्टी त्या वर्षी नेमकी उधाणात आली होती.

तेव्हा सल्ला सरळ आहे. गाडी पुळणीवर नेऊ नका. जिथे डांबर संपतं तिथे थांबा, फोटो सुरूच्या झाडांपाशी काढा. शिवाय किनारा हा कोळ्यांच्या होड्यांचा, जाळी सुकवण्याचा, पोरांच्या खेळण्याचा आहे; भरधाव वाहनांनी तिथे माणसं जायबंदी झाली आहेत.

तरीही गाडी रुतलीच, तर पहिली गोष्ट म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. सगळ्यांना उतरवा. चाकांपुढची आणि विशेषतः पोटाखालची वाळू हाताने उकरून मोकळी करा. तळ सुटल्याशिवाय कितीही ओढलं तरी खालचं कार्बनचं पान फाटेल. ओढायचा लोखंडी हूक गाडीच्या हत्यारांच्या पिशवीत असतो आणि बंपरवरची छोटी झाकणी काढून तो आत पिळून बसवायचा असतो. ही झाकणी कुठे आहे हे गाडी घरी आली त्याच दिवशी बघून ठेवा. दोर सस्पेन्शनच्या दांड्यांना बांधू देऊ नका. मदतीला धावलेला माणूस हाताला लागेल तिथे गाठ मारतो, त्याचा दोष नसतो. गिअर न्यूट्रलला टाका, आणि ओढ सरळ रेषेत, संथ, सलग ठेवायला सांगा. झटका देणाऱ्या जीपपेक्षा बैल किंवा होड्या ओढणारा ट्रॅक्टर इथे जास्त उपयोगी. बैलाचा पाय वाळूत रुतला तरी तो उचलून पुढे ठेवता येतो, चाकाला ती सोय नाही. आणि रायगडचे बैल पुळणीला नवखे नाहीत. ओहोटीला अलिबाग-वरसोलीच्या किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यतीच्या जोडीला वाळूवर कसं धरायचं, कुठे सोडायचं, हे त्या मालकाला ठाऊक असतं. त्याचं ऐका. काम झालं की त्याला मोबदला द्या, आणि तो घासाघीस न करता द्या.

बाहेर निघालेली गाडी लगेच सुरू करून मुंबई गाठायची घाई करू नका. खारं पाणी इंजिनाच्या हवा घेण्याच्या नळीपर्यंत किंवा वायरिंगपर्यंत गेलं असेल, तर चावी फिरवण्याआधी फ्लॅटबेड बोलवा. मागची चाकं जमिनीवर ठेवून टोचन करून न्यायची ही गाडी नव्हे. चारही चाकं वर असलेली सपाट गाडीच लागते. विम्याच्या बाबतीतही इथेच गफलत होते. नेहमीच्या पॉलिसीत पाणी शिरून बिघडलेलं इंजिन बहुधा धरलेलं नसतं, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम विकत घ्यावं लागतं. ते घेतलं तरी आपणहोऊन समुद्रात नेलेल्या गाडीची भरपाई द्यायची की नाही, यावर कंपनी वाद घालू शकते. पॉलिसी घेताना हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

आता रस्ता. पनवेलहून पेण, वडखळ, तिथून उजवीकडे पोयनाड, कार्ले खिंड आणि अलिबाग. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि त्यावरून कोकणी माणसाने काय सोसलं ते इथे पुन्हा सांगायला नको. सुपरकारवाल्यासाठी खरा प्रश्न खड्ड्याइतकाच गतिरोधकाचा आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये गतिरोधकाचं माप ठरवून दिलं: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. हे माप कागदावर पाहिलं तर सुपरकारलासुद्धा ते जमतं. लॅम्बोर्गिनी हुराकानच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.६२ मीटर आहे, म्हणजे गाडीची चारही चाकं एका वेळी त्या उंचवट्यावर मावतात आणि गाडी त्याच्याबरोबरच वर उठते. भूमिती केली तर पोटाखालच्या सुमारे साडेबारा सेंटिमीटरमधले जेमतेम पाच सेंटिमीटर खर्च होतात. पण गावात रात्री कोणीतरी अपघातात जातं, सकाळी लोक रस्त्यावर बसतात, आणि दुपारपर्यंत खडी-डांबराचा मीटरभर रुंद, वीतभर उंच पट्टा तयार होतो. तो मापात नसतो, त्यावर पांढरे पट्टे नसतात, आणि तो तिथे का आला याला माणसाच्या जिवाचं कारण असतं. तेव्हा त्याच्यावर चिडण्याचा हक्क आपल्याला नाही. गाडी तिरकी घ्यायची, एका वेळी एकच चाक वर चढेल अशी. त्यासाठी समोरची बाजू मोकळी लागते. इंडिकेटर द्या, समोरून येणाऱ्या एसटीला आधी जाऊ द्या, मग वळा.

नाक उचलायचं बटण, ज्याला सगळे नोज लिफ्ट म्हणतात, ते पर्याय म्हणून मिळत असेल तर इतर काहीही सोडा पण ते घ्या. साधारण चार सेंटिमीटर नाक वर येतं. मात्र ते नाकच उचलतं. गाडीच्या मध्याला त्याचा निम्माच फायदा मिळतो आणि मागच्या बाजूला काहीच नाही. म्हणून नाक सुखरूप उतरलं म्हणजे गतिरोधक पार झाला असं समजू नका. काही नव्या गाड्या जीपीएसवरून जागा लक्षात ठेवतात आणि तिथे आल्यावर आपोआप नाक उचलतात. घरापासून बंगल्यापर्यंतचा एकच रस्ता धरा आणि दोन-तीन खेपांत सगळे पट्टे गाडीला शिकवून टाका.

स्टेपनी नसते, हेही पहिल्यांदा सुपरकार घेणाऱ्याच्या उशिरा लक्षात येतं. डिकीत असतो तो पंक्चर बुजवायचा द्राव आणि हवेचा पंप. खिळा लागला तर त्याने भागतं. खड्ड्याच्या धारेने टायरची बाजू कापली गेली तर नाही. वीस-एकवीस इंची रिमवरचा असा टायर वाटेवरच्या दुकानात बहुतेक मिळत नाही आणि त्यांच्या यंत्रावर चढवलाही जात नाही. पुढचा एक आणि मागचा एक टायर घरी आणून ठेवा. मापं वेगळी असतात, म्हणून दोन.

रो-रो हा रस्त्यापेक्षा चांगला मार्ग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास जिथे तीन-चार तास जातात तिथे बोट तासाभरात मांडव्याला लावते. अडचण चढण्या-उतरण्याची. बोट भरतीला वर आणि ओहोटीला खाली जाते, त्याप्रमाणे रॅम्पचा कोन बदलतो. नाक घासतं ते रॅम्प जिथे सुरू होतो त्या कोपऱ्यात. वेळापत्रक आणि भरतीचं कोष्टक शेजारी ठेवून, पाणी फार खाली नसेल अशी फेरी निवडता येते. धक्क्यावर लवकर पोहोचा आणि गाडी लावणाऱ्या खलाशाला आधीच सांगा, की नाक उचलायला दहा सेकंद लागतील आणि दार उघडायला बाजूला जागा लागेल. तो रोज शेकडो गाड्या आत-बाहेर करतो, त्याचा हात दिसतो तेवढंच स्टिअरिंग फिरवा. आत गेल्यावर पार्किंग ब्रेक लावा, आणि गाडी कलली की वाजणारा अलार्म बंद करून मगच वर जा. बोट डोलते, अलार्मला वाटतं कोणी गाडी उचलतंय, आणि तासभर भोंगा वाजून उतरेपर्यंत बॅटरी बसते. पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. ती वाचावी.

बंगल्यावर गाडी ठेवण्याचा विषय मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो, कारण इथलं नुकसान दिसत नाही. किहीम असो, नागाव असो की मुरूड, समुद्राचं वारं मीठ घेऊन येतं. खिडकीच्या गजाला जे होतं तेच गाडीच्या खालच्या बोल्टला होतं. सुपरकारमध्ये आणखी एक भर असते. तिथे कार्बन फायबर आणि ॲल्युमिनियम एकमेकांना जोडलेले असतात, आणि या दोघांमध्ये खारट ओलावा शिरला की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजू लागतं. कारखान्यात त्यांच्यामध्ये अडसर घातलेला असतो, पण गतिरोधकावर खरवडलेल्या जागी तो अडसर शिल्लक असेलच असं नाही. म्हणून खालून घासली गेलेली गाडी, वरचा रंग शाबूत असला तरी, लिफ्टवर चढवून बघून घ्यावी. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने खालची बाजू धुवावी, चाकांच्या कमानी आतून धुवाव्यात. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नये. आणि धुतल्यावर गाडी तशीच झाकून ठेवू नये. आधी पाच-दहा मिनिटं चालवून ब्रेक कोरडे करावेत, मगच गॅरेजमध्ये घ्यावी.

अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. माझं मत असं, की ज्याच्याकडे कोरडं, हवा खेळणारं, पक्क्या छपराचं गॅरेज नाही, त्याने मेअखेरीस गाडी मुंबईला नेऊन ठेवावी आणि दसऱ्यापर्यंत परत आणू नये. प्लास्टिकचं कव्हर तर कधीच नको, ते ओल कोंडतं. गाडी उभी असली तरी तिचे संगणक, अलार्म, चावी ओळखणारं यंत्र सतत वीज खात असतात. दोन-तीन आठवड्यांत बॅटरी उतरते आणि मग कित्येक गाड्यांचं बॅटरीवरचं झाकणसुद्धा उघडत नाही, कारण त्याची कळ विजेवर चालते. हाताने उघडायची तार कुठे आहे ते आधी शोधून ठेवा. बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर कंपनीकडून मिळतो, तो लावून ठेवा, पण पावसात वीज दोन-दोन दिवस जाते हेही धरून चला. बंगला सांभाळणाऱ्या माणसाला इंजिनच्या कप्प्यात उंदीर शिरलाय का ते आठवड्याला बघायला सांगा. वायर कुरतडली गेली तर नुकसान लाखांत जातं.

आणि माडाखाली गाडी लावू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्याच्या माड-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि काही गावांत वीज कित्येक आठवडे आली नव्हती. लोकांची घरं गेली, वाड्यांचं उत्पन्न वर्षानुवर्षांसाठी गेलं. गाडीची गोष्ट त्यापुढे क्षुल्लक आहे. पण वादळाची सूचना आता दोन-तीन दिवस आधी मिळते आणि तेवढ्यात गाडी घाटावर नेता येते. एक मात्र बघा: तुमच्या गाडीसाठी कोणाला वादळात बाहेर पाठवू नका.

इंधनाचं थोडक्यात. टाकीच्या झाकणाच्या आत युरोपीय गाड्यांना गोलात ई५, ई१० अशी चिन्हं असतात. तेवढंच इथेनॉल कारखान्याने गृहीत धरलेलं असतं, आणि आपल्याकडे पंपावर आता वीस टक्के मिश्रण येतं. विक्रेत्याकडून तुमच्या मॉडेलबद्दल लेखी उत्तर घ्या. उच्च ऑक्टेनचं पेट्रोल मुंबई-पुण्यात मिळतं. अलिबागच्या पुढे ते मिळेल या भरवशावर निघू नका, टाकी मुंबईत भरा. आणि उभ्या गाडीच्या टाकीत इथेनॉलचं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका, ते ओल धरतं.

मग पैशाचा आणि कागदांचा भाग, जो खरं म्हणजे सगळ्यात आधी येतो. पूर्ण बांधून आलेल्या महाग गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानुसार ७० टक्के आयात शुल्क आणि ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर असे मिळून ११० टक्के लागतात. त्यानंतरच्या रकमेवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. म्हणजे बंदरात दोन कोटींना उतरलेली गाडी, विक्रेत्याचा नफा धरण्याआधीच, पाच कोटी ८८ लाखांवर जाते. त्यावर महाराष्ट्राचा वाहनकर. त्याची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली.

आयात शुल्काने एकेकाळी साऱ्या मराठी घरांत चर्चा घडवली होती. २००२ मध्ये सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली आणि फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली; चावी दिली ती मायकेल शूमाकरने. गाडी भारतात आणताना सुमारे १ कोटी १३ लाखांचं सीमाशुल्क सरकारने माफ केलं, त्यावर टीका झाली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी ती रक्कम फियाटने भरली. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. साऱ्या देशाच्या लाडक्या माणसाला आलेली भेट असूनही लोकांनी शुल्काचा प्रश्न विचारला, हे मला आजही योग्य वाटतं. म्हणून कर वाचवण्यासाठी लांबच्या राज्याच्या पत्त्यावर पासिंग करून देणारे दलाल भेटले तर त्यांना दारातूनच परत पाठवा. गाडी राहणार रायगडात किंवा मुंबईत, तर कर महाराष्ट्राला.

पासिंग पूर्ण होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शे टायकनने दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. ती गाडी कायम नोंदणीविना फिरत होती. राहिलेलं शुल्क होतं १,७५८ रुपये. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९-अ सांगतं, की अल्पवयीनाच्या हाती वाहन गेलं आणि गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. कलम असो वा नसो, सुपरकारच्या चाव्या घरात कुलूपबंद असाव्यात. मुलगा अठराचा झाला, परवाना मिळाला, म्हणजे तो या गाडीला लायक झाला असंही नाही. मालकाने स्वतः आधी बंद ट्रॅकवर प्रशिक्षकाबरोबर गाडी चालवावी. मागची चाकं सुटली तर गाडी कशी फिरते, हे चौलच्या वळणावर पहिल्यांदा कळू नये; तिथे घराची ओटी रस्त्यापासून चार पावलांवर असते आणि तिच्यावर माणसं बसलेली असतात.

नवी गाडी बिघडतेही. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्योगपती गौतम सिंघानिया यांनी जाहीर तक्रार केली होती, की चाचणीसाठी घेतलेली नवी लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टो विजेची सगळी यंत्रणा बंद पडून अटल सेतूवर अडकली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या कोस्टल रोडवर एका हुराकानला आग लागल्याची चित्रफीतही त्यांनीच टाकली. म्हणून आसनाजवळ हाताला येईल असं अग्निशामक नळकांडं बसवून घ्या आणि विक्रेत्याचा चोवीस तासांचा मदत क्रमांक फोनमध्ये ठेवा. त्यांची फ्लॅटबेड रेवदंड्यापर्यंत येते का, किती तासांत येते, हे खरेदीआधी विचारा.

सुरुवातीचे हजार किलोमीटर इंजिन तापेपर्यंत आणि त्यानंतरही फार वर ताणू नका. पुस्तिकेत आकडा असतो. अटल सेतूची लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर, आणि वेगमर्यादा १००. ही गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ती ओलांडते, त्यामुळे क्रूझ कंट्रोल लावा. सेतूवर थांबायला मनाई आहे, फोटोसाठीसुद्धा. कार्बन-सिरॅमिक ब्रेक थंड असताना कमी धरतात आणि किंचाळतात, सकाळच्या पहिल्या दोन-तीन ब्रेकना जास्त अंतर ठेवा. आक्षी-नागावच्या आतल्या रस्त्यावर एक्झॉस्टचा सगळ्यात शांत मोड लावा. पोरं पळत येतात, त्यांना बघू द्या, पण इंजिन बंद करून.

पहिल्या फेरीसाठी मी मंगळवार किंवा बुधवार सुचवेन, नोव्हेंबरातला. टाकी आदल्या रात्री भरलेली, हवा सकाळी थंड टायरवर तपासलेली. भाऊच्या धक्क्यावरून सकाळची फेरी धरा, मांडव्याला उतरा आणि जमल्यास नाक वर ठेवूनच चोंढी नाक्यापर्यंत या. तिथून अलिबाग. त्या दिवशी तेवढंच. रेवदंड्याचा पूल ओलांडून काशिद-मुरूडला जायचं असेल तर आधी एकदा दुसऱ्या साध्या गाडीने तो रस्ता पाहून या आणि प्रत्येक गतिरोधकाची जागा लिहून घ्या. परतीची बोट अंधाराआधीची घ्या. घरी आल्यावर इंजिन पूर्ण निवू द्या, मग खालून पाणी मारा, आणि दुसऱ्या दिवशी गाडी लिफ्टवर चढवून पुढच्या ओठाखालची पट्टी बघा. ती घासून झिजण्यासाठीच केलेली असते आणि बदलता येते. एक जास्तीची मागवून ठेवा.